ब्लॉगताईंची आई

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक, आदरणीय साहेब. प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले आपले सर्वांत जुने वितरक. व्यासपीठावर विराजमान असलेले मार्केटिंग विभागाचे प्रमुख. ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातलं काम टाकून जमलो त्या आपल्या ब्लॉगताई. आणि कँटीनच्या या हॉलमध्ये जागा मिळेल तिथे बसलेल्या, न मिळाल्याने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकारी बंधूंनो आणि भगिनींनो,

सर्वप्रथम, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझ्या हातात 'पाच मिनिटं' अशी चिठ्ठी दिली आहे. ती मी खिशात ठेवली आहे. दुरुस्ती विभागाच्या माणसाने 'पाच मिनिटांत येतो' म्हटलं की किती वेळ लागतो, हे आपण सगळे जाणताच.

सुरुवातीला एक विनंती करतो. मार्केटिंगची जी मुलं पुढे मोबाईल धरून उभी आहेत, त्यांनी कृपा करून ते खाली ठेवावेत. ही विनंती ताईंची आहे. आजच्या कार्यक्रमाचा एकही फोटो, एकही व्हिडिओ कंपनीच्या पानावर जाणार नाही, या एकाच अटीवर त्या इथे आल्या आहेत. ठेवलेत? आभारी आहे.

पाहुण्यांबरोबर काही नवीन मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. आपण अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी हवेच्या गाद्या बनवतो. गादीत नळ्या असतात, पंप त्यांत आलटूनपालटून हवा भरतो. अंगाचा भार एकाच जागी राहत नाही, म्हणून पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. कमी होतो. जात नाही. गादीबरोबर जो माहितीचा कागद येतो त्यावरही तसंच छापलेलं आहे.

आता अशी वस्तू विकायची कशी? ही काही दुकानाच्या काचेत बघून कोणी घेत नाही. घरातलं माणूस पडेपर्यंत असं काही मिळतं हेच कोणाला ठाऊक नसतं. मग लेक किंवा सून मोबाईलवर शोधायला लागते. त्या क्षणी तिला आपण सापडलो पाहिजे, हे मार्केटिंगच्या साहेबांनी आम्हाला फळ्यावर चित्रं काढून समजावलं होतं. साहेब, तुमच्यासमोर सांगतो, ते अगदी बरोबर होतं.

म्हणून कंपनीचा ब्लॉग निघाला. 'हवेच्या गादीचे फायदे', 'योग्य पंप कसा निवडावा', असले लेख. वाचणारे कोण? निम्मे तर आपणच. आपला पहारेकरी रोज इमानेइतबारे लाईक करायचा, का तर साहेबांना आवडतं म्हणून.

त्या वेळी ताई बिलिंगला होत्या. घरी आई आणि त्या, दोघीच. आईची आठवण जात चालली होती आणि पडल्यापासून तर ती अंथरुणातच होती. आपलीच एक गादी त्यांनी घेतली. बसवायला मी गेलो. पंप सुरू केला तशी आई कान टवकारून म्हणाली, "अगं, कॉटखाली मांजर घोरतंय बघ." आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, आत्ता आलास होय? वाट बघून डोळे गेले माझे."

मी ताईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "मामा समजतेय तुम्हाला. राहू द्या, हो म्हणा."

मी हो म्हणालो. तेव्हापासून पंपाची तपासणी असो नसो, त्या बाजूला गेलो की मी आत डोकावायचो आणि उशिरा आल्याबद्दल बोलणी खाऊन यायचो.

ताईंनी हे सगळं लिहिलं. मांजराचं लिहिलं, मामाचं लिहिलं. आईला न्हाऊ घालताना आईनेच त्यांना विचारलं होतं, "बाई, तुम्ही किती मायेनं करता, तुमची आई कुठं असते?" तेही लिहिलं. गादीचं नाव शेवटी एका ओळीत. ब्लॉगला नाव दिलं 'आईची खोली'. आणि मंडळी, लोक वाचायला लागले. कोणी नवऱ्याचं करत होतं, कोणी सासऱ्यांचं. दिवसभर चार भिंतींत माणूस एकटं राबतं, त्याला बोलायला कोणी नसतं. ती माणसं ताईंच्या लेखाखाली येऊन बोलायला लागली. फेसबुकवर पान निघालं, इन्स्टाग्रामवर फोटो यायला लागले. फोटोत फक्त आईचे हात. चेहरा ताईंनी कधी दाखवला नाही. "तिला विचारता येत नाही, मग दाखवू कसा?" म्हणायच्या.

गाद्या धडाधड खपू लागल्या. शिलाई विभागात दुसरी पाळी सुरू झाली. प्रमुख पाहुण्यांनी मघाशी आपल्या भाषणात कंपनीच्या त्या भरभराटीचा गौरवाने उल्लेख केला. ती भरभराट त्या खोलीतून आली होती, एवढं मी त्यात जोडतो.

मग आई गेली. दुपारी, झोपेत. पंप बंद करायला ताईंनी मला बोलावलं. बटण त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मी बंद केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "किती शांत झालं हो."

कामावर परत आल्या तेव्हा त्यांनी एक लेख लिहून आणला होता. शेवटचा. आई गेली, तुम्ही सगळ्यांनी विचारपूस केलीत, आभार. एवढाच. मार्केटिंगच्या साहेबांनी तो वाचला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, हे मला ताईंनीच सांगितलं आहे. पण ते म्हणाले, "थोडं थांबू या. नवीन मॉडेल बाजारात येतंय. ऐन वेळी अशी बातमी बरी दिसत नाही."

ताई थांबल्या. मॉडेल आलं, तरी लेख लागला नाही. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "लोक तुमच्या आईला आपली आई मानतात. त्यांना कशाला दुखवायचं? तुम्हाला जमत नसेल तर लिहू नका. आम्ही बघू."

आणि बघितलं. काम बाहेरच्या एजन्सीला गेलं. तिथली एक मुलगी ताईंच्या नावाने लिहू लागली. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिने ही गादी कधी पाहिली नव्हती, आईलाही नाही. तिला जुने लेख दिले आणि सांगितलं, असंच लिही. तिने लिहिलं. मांजर दर आठवड्याला घोरायला लागलं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या टेबलाशी आल्या. मोबाईल पुढे केला. फोटो होता. चादरीवर एक म्हातारा हात, त्याला मेंदीचा रंग. खाली ताईंचं नाव, वर लिहिलेलं, 'आज आई खुशीत आहे'.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हा हात कोणाचा हो?"

मी फोटो मोठा करून पाहिला.

त्यांनी लेखांखाली स्वतः लिहून पाहिलं, 'माझी आई गेली आहे'. ते लगेच पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं, तर त्यांनाच पानावरून बाहेर काढलं. मालकांकडे गेल्या. साहेब, तेव्हा तुम्ही म्हणालात, पान कंपनीचं आहे, मी बोलतो. तुमचं बोलायचं राहून गेलं. ताई परत बिलिंगच्या खुर्चीत जाऊन बसल्या. घरी गेल्यावर त्या रिकाम्या कॉटवर बसून आज आईने काय खाल्लं ते मोबाईलवर वाचायच्या. मी म्हणालो, "ताई, नका वाचू." तर म्हणाल्या, "चुकून खरं वाटतं हो एखाद्या क्षणी. तेवढ्यासाठी वाचते."

मला कल्पना आहे, निरोपाच्या कार्यक्रमात माणसाचे गुण सांगायचे असतात. मी तिकडेच येतो आहे. थोडं सांभाळून घ्या.

आपले एक ग्राहक होते. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं, ते बंद करून बायकोची सेवा करत होते. गादी मीच बसवली होती. 'आईची खोली' ते पहिल्यापासून वाचायचे आणि खाली 'घड्याळवाला' या नावाने लिहायचे. आज तिने दोन घास जास्त खाल्ले, आज माझं नाव घेतलं, असं काहीबाही. ताई त्यांना उत्तर द्यायच्या. समोरासमोर कधी भेट नाही, पण एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक.

एका सकाळी ते आपल्या स्वागतकक्षात आले. माझं टेबल तिथून जवळच. दोन्ही हातांत मोठ्या पिशव्या. मला ओळखलं आणि म्हणाले, "ब्लॉगताईंना जरा बोलावता का? कामात असतील तर थांबतो."

ताई खाली आल्या. काकांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. मऊ सुती चादरी, घडी न मोडलेल्या. टाचेखाली ठेवायच्या उश्या. डायपरची न फोडलेली पाकिटं. म्हणाले, "आमच्याकडे आता लागणार नाही. ही गेली. म्हटलं, तुमच्या आईला होईल."

ताईंनी चादरींची चवड काकांकडे परत सरकवली.

"काका, आई गेली माझी."

"अरेरे! कधी?"

"वर्ष होत आलं."

काका हसले. माणूस ऐकण्यात चूक झाली असं समजून हसतो ना, तसे. म्हणाले, "नाही हो ताई. वर्ष कसं होईल? गेल्याच महिन्यात तर तुम्ही तिच्या जखमेचं लिहिलंत."

"कसली जखम?"

त्यांनी मोबाईल काढला, चष्मा लावला, शोधून दाखवलं. माझ्याही डोळ्यांनी मी वाचलं आहे. लेखात होतं की आईच्या माकडहाडापाशी जखम झाली, डॉक्टरकडे नेलंच नाही, नुसत्या आपल्या नव्या गादीने ती सुकली. खाली घड्याळवाल्यांनी विचारलं होतं, 'ताई, हिच्या जखमेला वास येतोय. तुमच्या आईच्या जखमेला येत होता का?' आणि त्याला ताईंच्या नावाने उत्तर होतं, 'हो काका, आधी येतो. धीर धरा. आमची आई बघा किती छान आहे!' आणि शेवटी एक हसरा चेहरा.

काका म्हणाले, "मी धीर धरला."

  

"दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले," काका सांगत होते. "म्हणाले, विष रक्तात गेलंय, इतके दिवस करत काय होतात? मी त्यांना सांगणार होतो, की ज्यांच्या घरी असंच झालं होतं त्यांना विचारून करत होतो."

"काका, हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तुमचं आहे."

"हो," ताई म्हणाल्या. "नाव माझं आहे."

काकांनी पिशव्या तिथेच ठेवल्या आणि निघाले. ताई मागून रस्त्यापर्यंत गेल्या. काका वळले नाहीत.

मंडळी, इथे दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं? रडलं असतं, राजीनामा फेकला असता, किंवा गप्प बसलं असतं. ताई सरळ वर मार्केटिंगच्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तो जखमेचा लेख आत्ता काढा आणि लोकांना खरं सांगा." लेख काढला गेला. गुपचूप. खरं सांगायचं म्हटल्यावर सगळे म्हणाले, वकिलांना विचारू.

तेव्हा ताईंनी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गाद्या तपासायला घरोघरी जाता ना? मला न्या."

"घरोघरी जाऊन काय करणार ताई?"

"आई गेली म्हणून सांगणार. आणि जखम असली तर डॉक्टरकडे न्या म्हणून सांगणार. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते."

मी गाडीचं दार उघडलं. याबद्दल मला नोटीस मिळाली आहे, ती योग्यच आहे, तिला मी उत्तरही दिलं आहे.

त्या फेऱ्यांबद्दल काय सांगू? ब्लॉगताई आल्या म्हटल्यावर लोकांना हर्ष व्हायचा. हात धरून आत नेत, पलंगावरच्या माणसाला हाका मारत, "बघा बघा, कोण आलंय!" आणि मग ताई सांगायच्या. एका बाईंनी त्यांना मिठी मारली आणि दोघी उभ्या उभ्या रडल्या. एकाने सरळ दार दाखवलं. म्हणाला, "आमच्याकडून आईच्या प्रकृतीसाठी नवस बोलून घेतलेत की हो तुम्ही." एका घरात तर गादीवरच्या आजींचाच विश्वास बसेना. त्या म्हणाल्या, "तू कुठली ब्लॉगताई? त्यांचा आज सकाळीच लेख आलाय, आईने शिरा खाल्ला म्हणून." आणि मोबाईल काढून दाखवला. ताईंनी तो वाचला, परत दिला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, यांची गादी तपासलीत? मग यांची पाठही कोणीतरी बघायला हवी. सूनबाई कुठे आहेत?"

सूनबाईंनी पाठ बघितली. जखम होती. त्याच दिवशी आजींना दवाखान्यात नेलं. त्या आजी आज आहेत. काकांनी ठेवलेल्या त्या चादरी आणि उश्या ताईंनी त्या घरी दिल्या.

एका घरातला मुलगा वार्ताहर निघाला. बातमी छापून आली. मग मात्र मालकसाहेबांनी स्वतः पान बंद केलं आणि बंद करण्याआधी ताईंचा तो जुना, शेवटचा लेख जसाच्या तसा लावला. साहेब, उशीर झाला, पण ते तुम्ही केलंत. त्याबद्दल मी या व्यासपीठावरून आपले आभार मानतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मागणी पडली. शिलाईची दुसरी पाळी बंद झाली. या हॉलमध्ये ज्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, त्या पाळीतल्या बायकांना आमंत्रण होतं, त्या आलेल्या नाहीत. माझी सख्खी भावजय त्यांत आहे. काल ती मला म्हणाली, "भाऊजी, तिच्यासाठी भाषण करायला जाताय ना? मग एक विचारून या. मेलेल्या माणसाचं खरं सांगायला जिवंत माणसांच्या घरची चूल विझवायची होती का?"

 हाच प्रश्न मी ताईंना मागेच विचारला होता. त्या म्हणाल्या, "मला रोज सकाळी उठल्यावर तोच पहिला आठवतो. पण भाऊ, वास येतोय म्हणून विचारणारा तो एकच माणूस होता का, हे मला माहीत नाही. ते माहीत नसताना मी गप्प कशी बसू?" ही गोष्ट मी भावजयीला सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि आत निघून गेली.

आमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' छापलं आहे. शब्द छान आहे. त्यावर मी काही बोलत नाही. मार्केटिंगचे साहेब माझ्याकडे बघत आहेत. साहेब, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग होता, आजही आहे, पण तुम्ही आज इथे समोर येऊन बसलात, हे मी पाहतो आहे. एजन्सीतल्या त्या मुलीने ताईंना फोन केला होता. बराच वेळ नुसती रडत होती. ताईंनी तिला विचारलं, "तुझी आई आहे ना गं? मग आज तिच्याकडे जा."

घड्याळवाल्या काकांकडे ताई अजून जातात. दर रविवारी. काका दार उघडत नाहीत. आत रेडिओचा आवाज येतो, म्हणजे ते घरात असतात. ताई थोडा वेळ जिन्यात बसतात आणि परत येतात. मी एकदा म्हणालो, "कशाला जाता? त्यांना भेटायचं नाहीये." त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला होता. ते नाव घेऊन मी निदान दारापर्यंत तरी जायला हवं." दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. उघडलं नाही तर त्यात काकांची काही चूक नाही.

गेल्या आठवड्यात टेबल आवरायला मी त्यांना मदत करत होतो. म्हटलं, "ताई, आता पुढे काय करणार?" मला वाटलं दुसरी नोकरी म्हणतील, कुठे लिहिणार म्हणतील.

त्या म्हणाल्या, "भाऊ, आई गेली त्याच आठवड्यात लोक मला विचारत होते, आई कशी आहे? रस्त्यात, बसमध्ये, दुकानात. वर्षभर विचारत होते. मी काय सांगणार? मी मान हलवायचे. आता कोणी विचारत नाही. आता मला जरा तिच्यासाठी रडू द्या."

ताई, त्यासाठी तुम्हाला वेळ मिळो. याहून मोठी शुभेच्छा मला सुचत नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. मी बोलायला शिकलेला माणूस नाही. व्यासपीठाचा मान राखण्यात कुठे कमी पडलो असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आणि ज्या बायका आज आल्या नाहीत, त्यांचीही मी इथूनच क्षमा मागतो.

मी माझे शब्द इथे थांबवतो.